गावच्या मैदानावरचा पंच आणि कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रा, भरल्या, इकडे वऱ्हाडात कापूस घरात आला, की गावोगावी कबड्डीचे सामने लागतात आणि माझ्या फोनवर पंचांचे निरोप सुरू होतात. वीसेक वर्षं मी स्वतः शिट्टी वाजवली, आता तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. बहुतेक निरोप एकाच भीतीचे असतात : "पोराला लागलं तर माझं काय?" त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत, जमेल तिथे विचारणाऱ्याच्याच शब्दांत. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, टेनिस बॉल क्रिकेट, मातीतली कुस्ती, सगळ्यांना हे लागू आहे. तुमच्यावर गुन्हा दाखल झालाच असेल तर मात्र हे वाचत बसू नका, आधी वकील गाठा.

१. मी तं फुकट शिट्टी वाजवतो, एक नारळ अन् दुपट्टा भेटते. मले कायदा काहून लागन?

लागतो. मानधन घेतलं की नाही, याने काही फरक पडत नाही. मैदानावर दोनशे माणसं असतील, पण खेळ थांबवण्याचा अधिकार एकट्या पंचाला असतो, आणि त्या अधिकारातूनच काळजी घेण्याची जबाबदारी येते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००३ साली व्होल्स विरुद्ध इव्हान्स या खटल्यात हेच सांगितलं. वेल्समधला हौशी रग्बी सामना होता, पंचही हौशी. तरी जखमी खेळाडूच्या नुकसानीला पंच जबाबदार ठरला. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण हयगयीच्या दाव्यांत आपल्याकडे इंग्लंडचे निकाल नेहमी दाखवले जातात आणि विचारात घेतले जातात.

२. माझा निर्णय चुकला आणि त्यामुळे संघ हरला, तर ते माझ्यावर केस करू शकतात का?

कागद कोणीही दाखल करू शकतो, पण असा दावा टिकत नाही. बोनस दिला की नाही, पाय रेषेला लागला की नाही, हा खेळातला निर्णय आहे. प्रामाणिकपणे दिलेल्या निर्णयात न्यायालयं हात घालत नाहीत. हरलेल्या संघाने स्पर्धेच्या तक्रार समितीकडे जावं. पैसे घेऊन निर्णय दिला असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

३. मग पंच नेमका कशासाठी जबाबदार धरला जातो?

धोका दिसत असताना, किंवा सावध पंचाला तो दिसायला हवा होता अशा वेळी, खेळ सुरू केला किंवा चालू ठेवला, यासाठी. या पानावरचं सगळं त्याभोवतीच फिरतं.

स्मोल्डन विरुद्ध व्हिटवर्थ हा खटला पंचांनी माहीत करून घ्यावा. १९९१ साली इंग्लंडमध्ये १९ वर्षांखालील मुलांचा रग्बी सामना होता. दोन्ही बाजूंचे खेळाडू डोकं खाली घालून एकमेकांना भिडतात तो घोळका पुन्हा पुन्हा कोसळत होता. मुलांच्या मानेला जपण्यासाठी त्या वयोगटाला वेगळे नियम होते. पंचाने ते कडकपणे पाळायला लावले नाहीत. शेवटी एका सतरा वर्षांच्या मुलाची मान मोडली आणि तो कायमचा अपंग झाला. प्रतिस्पर्धी खेळाडूविरुद्धचा दावा फेटाळला गेला, पंचाविरुद्धचा मान्य झाला. अपील न्यायालयाने १९९६ मध्ये तो कायम ठेवला. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की धावपळीच्या खेळात पंचाच्या नजरेतून काही सुटणं, क्षणाचा अंदाज चुकणं, एवढ्यावरून त्याला जबाबदार धरता येणार नाही. ते माप बरंच वरचं आहे. आपल्या पंचांनी हे दुसरं वाक्यही तेवढंच लक्षात ठेवावं, म्हणजे उगाच झोप उडणार नाही.

आता माझं सांगतो. शेतात आखलेलं मैदान, रात्रीचा सामना, हॅलोजनचा बांबू रेषेपासून दीड हातावर. मला तो दिसला होता. पोरांना म्हणालो, "हलवा रे तो." ते म्हणाले, "हो भाऊ." आणि मी शिट्टी वाजवली. चौथ्या चढाईला एक पोरगा पकडीतून सुटून मागे भेलकांडला, बांबूवर आदळला, खांद्याजवळचं हाड मोडलं. कोणी तक्रार केली नाही. त्याच्या बापाने मलाच चहा पाजला. पुढे कायदा शिकलो तेव्हा उमगलं, की कोर्टात उभं केलं असतं तर माझ्याविरुद्धचा पुरावा मीच दिला असता : धोका दिसला होता, तोंडानेही बोललो होतो, तरी सामना सुरू केला. तो बांबू मी अजून विसरलेलो नाही.

४. सामन्याआधी काय काय तपासावं?

मैदानावर अनवाणी एक चक्कर मारा. आपल्याकडची अर्धी मैदानं ही मोकळी झालेली वावरंच असतात. वरून रोलर फिरवला तरी पऱ्हाटीची, तुरीची धसकटं मातीत उभी राहतात आणि काळ्या मातीच्या भेगांत पाय मुरगळतो. रेषेबाहेर चारही बाजूंनी मोकळी जागा हवी : खांब, खुर्च्या, गुणलेखकाचं टेबल, ट्रॅक्टरची ट्रॉली, जनरेटर, सगळं लांब. वायर लोकांच्या पायाखालून जात असेल, तिला कुठे जोड असेल, तर आयोजकांना ती उचलून बांधायला लावा. मैदानावर पाणी मारलं असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. खो-खोचा खांब गुळगुळीत हवा आणि हलता नको. रेषा फक्कीने मारा, चुन्याने नको. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गेलाच तर चोळू न देता लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा आणि दवाखान्यात न्या.

मग खेळाडू. नखं कापलेली, अंगाला तेल नाही, कडं-अंगठी-चेन काढलेली. कबड्डीच्या नियमांतच हे आहे, पण गावात "चालते ना भाऊ" म्हणून सोडून देतात. नियम लिहिलेला असताना पंचाने तो सोडला, तर त्याच्या बचावाला फारसं काही उरत नाही. वयोगट असेल तर आधार कार्ड किंवा शाळेचा दाखला पाहा. चौदा वर्षांच्या पोरासमोर वीस वर्षांचा दाढीवाला उतरवला आणि पंचाने डोळेझाक केली, तर पुढे काही झाल्यावर "मला माहीत नव्हतं" हे चालणार नाही.

५. मैदान आयोजकांचं, मग खापर माझ्यावर का?

मैदानाची मुख्य जबाबदारी आयोजक मंडळाचीच. पोलीस परवानगी, प्रेक्षकांसाठी बांधलेली लाकडी गॅलरी, वीजजोडणी, रात्री दहानंतरचा लाऊडस्पीकर, हे पंचाच्या गळ्यात येत नाही. पण खेळाच्या चौकटीत आणि तिच्या काठावर जे आहे ते पाहून "खेळू नका" म्हणणं पंचाचं काम. दोघांची जबाबदारी एकाच वेळी असू शकते, एकाची आहे म्हणून दुसऱ्याची संपत नाही. आयोजक ऐकत नसतील तर शिट्टी खिशात ठेवा. चार शिव्या पडतील, त्या सोसवतात.

६. खेळताना कोणी दगावलं तर पंचावर फौजदारी होते का?

पोलीस चौकशी होणारच. त्यात लगेच आरोपी व्हालच असं नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. हयगयीने मृत्यू घडवला तर कलम १०६ (१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षांची होती. हयगयीने दुखापत झाली तर कलम १२५. पण फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात, तो डॉक्टरांविषयी होता, सांगितलं की फौजदारीसाठी हयगय ठळक आणि गंभीर असावी लागते.

पंचाच्या बाजूने दोन कलमंही आहेत. कलम १८ : कायदेशीर काम योग्य काळजीने करताना अपघात झाला तर तो गुन्हा नाही. कलम २५ : अठरा वर्षांवरच्या माणसाने संमतीने पत्करलेली इजा, जिथे मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू किंवा जाणीव नाही. या कलमाखालचं उदाहरणच खेळातल्या तलवारबाजीचं आहे. त्यातला "अठरा वर्षांवरच्या" हा शब्द नीट वाचा. शाळकरी मुलांच्या सामन्यात या कलमाचा आधार मिळत नाही, तिथे कलम १८ मधली "योग्य काळजी" दाखवता आली पाहिजे.

दिवाणी नुकसानभरपाईचा दावा याहून वेगळा असतो आणि त्याला हयगयीचं माप कमी लागतं. दुखापतीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर ते सज्ञान झाल्यावरही दावा लावू शकतं. म्हणून प्रश्न १० मधली वही रद्दीत देऊ नका.

७. आम्ही सगळ्यांकडून "स्वतःच्या जबाबदारीवर खेळत आहे" असं लिहून घेतो. मग तर सुटलो ना?

अर्धेच. मोठ्या माणसाची सही असेल तर "खेळातला नेहमीचा धोका त्याला माहीत होता" एवढं दाखवायला कागद उपयोगी पडतो. पकडीत खांदा निखळला, हा नेहमीचा धोका. उघडी वायर हा नेहमीचा धोका नाही, आणि कोणतीही सही तो झाकत नाही. अज्ञान मुलाच्या सहीला तर किंमतच नाही : १८७२ च्या करार कायद्याने अज्ञान व्यक्ती करारास पात्र नाही आणि असा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिशकाळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयाने, १९०३ मध्येच ठरवून टाकलं आहे. पालकांची सही घ्या, पण ती परवानगी म्हणून आणि घरचा फोन नंबर मिळावा म्हणून.

८. डोक्याला मार लागलेला खेळाडू "काई नाई झालं, खेळतो" म्हणतो. संघ पण मागे लागतो. काय करू?

बाहेर काढा. त्या दिवशी पुन्हा उतरवू नका.

डोकं जोरात आपटलं, क्षणभर शुद्ध गेली, भोवळ, मळमळ, तेच ते विचारणं, नजर भिरभिरणं, यांतलं एक जरी असेल तरी त्याचं "मी ठीक आहे" ग्राह्य धरायचं नाही. मेंदूला धक्का बसलेल्या माणसाला स्वतःचं नीट कळत नसतं. अंतिम सामना आहे, बक्षिसाचा बोकड समोर बांधलेला आहे, गाव ओरडतं आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी न्यायाधीश सहा महिन्यांनी ते ओरडणं ऐकणार नाही. तो एवढंच विचारेल, की पडलेला पोरगा तुम्ही पाहिला होता का, आणि मग परत कसा उतरवला. मानेत कळ असेल, हातपाय बधिर वाटत असतील, तर त्याला हलवूच नका. सामना तिथेच थांबवा आणि १०८ ला फोन लावा.

९. मी प्रथमोपचार केला आणि बिघडलं तर? त्यापेक्षा हात न लावलेला बरा नाही का?

नाही. बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी, सद्हेतूने, त्याची संमती घेता येत नसताना केलेल्या मदतीला न्याय संहितेच्या कलम ३० चं संरक्षण आहे. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यात वेगळी तरतूद आहे, ती मैदानाला लागू नाही. लोक दोन्हींची गल्लत करतात.

मात्र येतं तेवढंच करा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका. झटके आलेल्याला कांदा, चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, कुशीवर वळवा. निखळलेला खांदा बसवून देणारा एखादा वस्ताद गर्दीतून पुढे येतोच, त्यालाही हात लावू देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्र किती किलोमीटर, रात्री तिथे कोण असतं, गावात चारचाकी कोणाकडे आहे, हे नाणेफेकीआधी विचारून ठेवा. आडगावात रुग्णवाहिका यायला वेळ लागतो.

१०. वहीत काय लिहावं?

तारीख, वेळ, सामना, मैदानाची अवस्था, आयोजकांना काय सांगितलं आणि त्यांनी काय केलं. दुखापत झाली तर कोणाला, कुठे, कोणत्या चढाईत, खेळ किती वाजता थांबवला, फोन किती वाजता केला. दुसऱ्या पंचाची आणि गुणलेखकाची सही. त्याच रात्री लिहा. मैदानाचे दोन-चार फोटो सामन्याआधी काढा, फोनमध्ये वेळ आपोआप नोंदली जाते.

११. पोलिसांनी बोलावलं आहे. "तुम्ही पंच होते ना, पंचनाम्यावर सही करा" म्हणतात. करू का?

इथे एकाच शब्दाचा घोटाळा होतो. मैदानावरचा पंच वेगळा आणि पंचनाम्याचा पंच वेगळा. पंचनाम्याचा पंच म्हणजे समोर झालेल्या पाहणीचा साक्षीदार. कबड्डीत तर मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, त्यामुळे एका गावात खऱ्या सरपंचालाच बोलावणं गेलं होतं.

ज्या घटनेत तुमच्याकडेच बोट जाऊ शकतं, तिच्या पंचनाम्यात साक्षीदार होऊ नका, दुसरे घ्यायला विनंती करा. जबाब मात्र द्या. दवाखान्याने पोलिसांना कळवलेलं असतं, त्यामुळे चौकशी टाळता येत नाही. पोलिसांपुढच्या जबाबावर सही करण्याची सक्ती नाही. महिला पंचांना आणि साठ वर्षांवरच्यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊनच विचारावं लागतं. पाहिलं तेवढं सांगा, अंदाज सांगू नका.

१२. प्रेक्षकांनी मारलं तर?

आधी दवाखाना आणि जखमेची नोंद, मग ठाणे. साध्या मारहाणीचा गुन्हा, कलम ११५ (२), अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, त्यामुळे एनसी (अदखलपात्र नोंदीची प्रत) देऊन परत पाठवतात. हाड मोडलं, दात पडला, तर ती गंभीर दुखापत आणि तो दखलपात्र गुन्हा. फरक वैद्यकीय कागदाने पडतो.

अवघड भाग पुढे आहे. जिल्हा परिषदेचे गुरुजी शासकीय शालेय स्पर्धेत आदेशाने पंच असतील, तर ते लोकसेवक म्हणून कर्तव्यावर असतात आणि त्यांच्यावरचा हल्ला अधिक गंभीर कलमांत बसतो. तेच गुरुजी रविवारी गावच्या मंडळाच्या सामन्यात शिट्टी वाजवत असतील तर ते साधे नागरिक. म्हणून नेमणुकीचा लेखी आदेश खिशात असू द्या.

१३. सामन्यात एका खेळाडूला जातीवरून शिवी दिली. मी ऐकली. गाव म्हणते, मिटवून टाका.

खेळ थांबवा, शिवी देणाऱ्याला नियमाप्रमाणे बाहेर काढा, शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांसमोर जातीवरून शिवीगाळ करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. तक्रार करायची की नाही हे त्या खेळाडूने ठरवायचं, गावाने किंवा तुम्ही नाही. तुम्ही साक्षीदार आहात. विचारल्यावर "गोंगाटात ऐकू आलं नाही" असं खोटं सांगू नका. त्या पोराने तुमच्या शिट्टीवर विश्वास ठेवून पाय मैदानात टाकलेला असतो.

१४. मुलींच्या संघाचा प्रशिक्षक चुकीचं वागतो अशी शंका आहे. पुरावा नाही. बोलावं का?

मुलगी, किंवा मुलगा, अठराच्या आतला असेल आणि लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं वाटत असेल, तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावरही फोन करता येतो. मुलीचं नाव कोणत्याही गटात टाकू नका.

१५. "सामना झाला असं दाखवून गुणपत्रकावर सही द्या, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे." द्यावी का? आणि सट्ट्याचं काय?

देऊ नका. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. खोट्या प्रमाणपत्राची पडताळणी वर्षांनंतरही होते आणि तपास गुणपत्रकावरच्या सहीपर्यंत येतो. तिथून फसवणूक आणि कट यांची कलमं लागू शकतात. मेहनत करणाऱ्या दुसऱ्या पोराची जागाही त्यात जाते.

सट्ट्यासाठी महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. सामना मुद्दाम पाडण्यासाठी, म्हणजे मॅच फिक्सिंगसाठी, आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये खेळाडूंच्या एका प्रकरणात ती फसवणुकीच्या कलमात बसत नाही असं म्हटलं. त्यावरून "पंचाला काही होत नाही" असा अर्थ काढू नका. पैसे घेऊन धोकादायक खेळ चालू दिला आणि कोणी जखमी झालं, तर ते नुसत्या हयगयीपुरतं राहत नाही.

१६. शंकरपटात (बैलजोड्यांच्या शर्यतीत) झेंडी दाखवणारा आणि वेळ मोजणारा यांचं काय?

तळेगाव दशासरसारखा जुना पट असो की नवा, आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. परवानगी नसेल तर झेंडी हातात घेणाराही बेकायदा शर्यत भरवण्यात सामील मानला जाऊ शकतो. काठी, तुतारी (बैलाला टोचायची आरीची काठी), विजेचा झटका दिसला तर ती जोडी बाद करा. दानीवर, म्हणजे बैल पळतात त्या पट्टीवर, माणसं पुढे सरकली असतील तर झेंडी खाली येता कामा नये.

१७. वीज कडाडते आहे, पण पाऊस नाही. सामना थांबवू?

हो. गडगडाट ऐकू आला की थांबवा, शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं सुरू करू नका. झाडाखाली किंवा मंडपात कोणाला उभं करू नका, शाळेची पक्की खोली उघडा. फोनमध्ये दामिनी ॲप ठेवा. उन्हाळ्यातही हाच अधिकार वापरा : पारा पंचेचाळीसवर गेलेल्या चंद्रपूर-अकोल्याकडे दुपारी मुलांचे सामने लावूच नयेत.

१८. जखमी पोराच्या घरी गेलो तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल का? लोक म्हणतात, जाऊ नका.

जा. विचारपूस करणं, दवाखान्याच्या खर्चाला हातभार लावणं, म्हणजे कबुली नव्हे. "माझ्यामुळेच झालं" असं लिहून मात्र देऊ नका आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका. बोलताना काय घडलं तेवढं सांगा. घरच्यांना वहीतली नोंद पाहायची असेल तर दाखवा, विम्याच्या कामी ती त्यांना लागते. पोरगा स्वतः प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत असेल तर त्याच्या पासबुकात वर्षाला वीस रुपये कापलेले दिसतील. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं असेल तर त्यात एक ते दोन लाख मिळतात. बँकेत अर्ज कोणी करायचा हेच अनेक घरांत माहीत नसतं. तो अर्ज भरून द्यायला बसा.